थिजलेलं तेल

१

शुक्रवारी दुपारी नीलानं शेवटची मादी तपासली आणि रबरी मोजे काढून टेबलावर टाकले. लाल दोऱ्याच्या पिंजऱ्यांत एकही पिल्लू वाचलं नव्हतं.

पांढऱ्या दोऱ्याच्या पिंजऱ्यांत ती वाचणार नव्हतीच, कारण प्रयोगच तसा होता. गाभण उंदराच्या मादीचे बीजकोश काढून टाकले की तिच्या पोटातले गर्भ टिकत नाहीत. पण त्याच बीजकोशांत तयार होणारं द्रव्य, हार्मोन म्हणतात ते, तेलात कालवून रोज टोचत राहिलं तर टिकतात. किती थोडक्या हार्मोनवर ते तग धरतात, एवढंच नीलाला पाहायचं होतं. म्हणून लाल दोऱ्याच्या माद्यांना हार्मोनचं तेल, पांढऱ्या दोऱ्याच्यांना नुसतंच तेल. आणि आता दोन्ही रांगा सारख्याच रित्या.

एकोणीसशे पंचावन्न सालचा जानेवारी होता. ठाण्याजवळ बाळकुमला, खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावरच्या एका जुन्या बंगल्यात एका धर्मादाय संस्थेनं ही लहानशी प्रयोगशाळा थाटली होती. नीला वैद्यकी शिकलेली. रोगी सोडून उंदरांच्या मागे लागली म्हणून नात्यातले लोक हसायचे. विलायतेहून येणाऱ्या त्या हार्मोनच्या चिमूटभर पुडीसाठी तिनं वर्षभर सरकारदरबारी अर्ज केले होते.

"मालनला बोलवा," ती म्हणाली. सर्दीनं तिचं नाक चोंदलं होतं, त्यात राग. आवाज पार घोगरा झाला होता.

मालन आली. साताऱ्याकडची विधवा, पस्तिशीची, उंदरांची झाडलोट आणि दाणापाणी तिच्याकडे. आवारातल्याच एका खोलीत राहायची. गावच्या घराला दिरानं कुलूप घातलेलं. ही खोली गेली तर तिला दुसरं छप्पर नव्हतं.

"रविवारी सकाळी हार्मोनची बाटली उन्हात कोणी ठेवली होती?"

"म्याच. तवाच सांगितलं की बाईसाहेब. तेल थिजलं व्हतं. म्हनलं, तुमी येईस्तवर पातळ व्हईल."

"तिळाचं तेल थिजत नाही, मालन! तुला बाटलीला हात लावायला सांगितलं कोणी? उन्हात तापवून औषध नासवलंस, आणि वर ही थाप?"

"देवाशपथ थिजलं व्हतं. शेजारची पांढऱ्या दोऱ्याची बाटली पातळच व्हती, ती म्या हलवली बी न्हाय."

दाराशी कारकून हरिहरपंत उभे होते आणि त्यांच्या मागे प्रयोगातला मदतनीस प्रभाकर. हरिहरपंतांनी चष्मा वर सरकवला. "खोटं बोलताना माणूस असे बारकावे फार देतो," ते पुटपुटले.  प्रभाकरच्या घोटून केलेल्या दाढीवर, हनुवटीपाशी वस्तऱ्याचा ताजा ओरखडा होता. त्यावर बोट फिरवत तो पिंजऱ्यांकडे बघत राहिला.

"उद्या शनिवार," नीला म्हणाली. "संध्याकाळी पगार घे आणि खोली मोकळी कर."

मालन रडली नाही. तिनं रिकाम्या पिंजऱ्याचं दार लावलं, कडी घातली आणि गेली.

हे सगळं ओसरीवर बसून आणखी एक जण ऐकत होतं. नीलाची मावशी, मंदाकिनीबाई. पन्नाशी उलटलेली, नऊवारीतली, ठाण्यापासून कल्याणपर्यंत देवळादेवळांतून कीर्तन करणारी बाई. उद्या सांजेला बाळकुमच्या मारुतीच्या देवळात तिचं कीर्तन होतं म्हणून ती जवळच राहणाऱ्या भाचीकडे उतरली होती. झांजा पिशवीतून काढून ती पुशीत होती. हात तसेच थांबले होते.

"नीला, तिळाचं तेल थंडीत थिजत नाही, हे नक्की ना?"

"नक्की, मावशी. म्हणून तर कळलं ती खोटं बोलतेय."

"आणि ती खरं बोलत असली तर?"

"तर काय?"

"तर ते तिळाचं तेल नव्हतं," मंदाकिनीबाई म्हणाली.

२

त्या रात्री दोन्ही बाटल्या खिडकीच्या कट्ट्यावर, उघड्या गारठ्यात ठेवल्या गेल्या. दाराला नीलानं स्वतः कुलूप घातलं. तिचा विश्वास नव्हता. पण मावशीपुढे लहानपणापासून तिचं चालत नसे.

पहाटे खाडीवरून धुकं आलं होतं. मंदाकिनीबाईनं नेहमीसारखं देवाचं नाव घेत तोंड धुतलं, मग दोघी प्रयोगशाळेत गेल्या.

पांढऱ्या दोऱ्याच्या बाटलीत तेल पिवळसर, पातळ, हलवलं की हलणारं. लाल दोऱ्याच्या बाटलीत तळाला उरलेलं तेल पांढरंफेक होऊन काचेला चिकटलं होतं. बाटली उलटी केली तरी थेंब हलेना.

मावशीनं बूच काढून ती नाकाशी नेली, मग नीलापुढे धरली.

"मला वास येत नाही ग. आठवडा झाला."

"तेच तर झालं. नाहीतर पहिल्याच दिवशी कळलं असतं तुला. खोबरेल आहे. डोक्याला लावतो ते."

नीला मटकन स्टुलावर बसली. आठवडाभर ती त्या मुक्या जीवांना केसांचं तेल टोचत होती.

"म्हणजे औषध नासलं नाही," ती म्हणाली. "चोरीला गेलं. शनिवारी दुपारी मी स्वतः पूड तेलात कालवली, पहिली सुई दिली, बाटली कपाटात ठेवली. रविवारी सकाळी ही मालनच्या हातात. त्यानंतर माझ्या खणात, किल्ली माझ्या कमरेला. सुई रोज भर दुपारी, तेव्हा तेल पातळच दिसायचं. मधल्या वेळात कपाटाची किल्ली खिळ्यावर असते, ती तिघांनाही ठाऊक. मालन, हरिहरपंत, प्रभाकर." ती थांबली. मग तिचा चेहरा पुन्हा ताठरला. "आणि रात्रभर आवारात राहणारी एकटी मालनच. मावशी, तू तिला वाचवायला गेलीस आणि चोर ठरवलंस."

मंदाकिनीबाईनं बाटलीला बूच लावलं.

"अजून पूर्वरंग चाललाय, नीला. आधी प्रश्न नीट मांडू दे. गोष्ट मग सांगते."

३

मोरीच्या फळीवर एक कंगवा आणि खोबरेलाची बाटली असायची. बाहेरून येणारे सगळेच तिथे हातपाय धुऊन केस नीट करायचे. बाटली कुणा एकाची नव्हती. ती आता जवळजवळ रिकामी होती.

"खोबरेल इथलंच," मंदाकिनीबाई म्हणाली. "मला कोडं वेगळंच पडलंय. फाटकाबाहेर वीस पावलांवर दौलत तेल्याचं दुकान. घाण्याचं तिळाचं तेल पळीनं मोजून मिळतं. चोरानं ते ओतलं असतं तर कुणाला कधी काही कळलं असतं का? तू म्हणाली असतीस प्रयोग फसला. त्यानं खोबरेल का घेतलं?"

"घाईत असेल."

"वीस पावलांची घाई?"

हरिहरपंत वेळेवर आले. कळव्याहून निघून, वाटेत मारुतीला रुईची माळ घालून. शनिवार असल्यानं गालांवर पांढरे खुंट. शनिवारी ते वस्तऱ्याला शिवत नसत. टेबलाच्या खणातून त्यांनी छोटी पितळी बुधली काढली, भिंतीवरच्या मारुतीच्या तसबिरीपुढच्या पणतीत तेल घातलं आणि वात सारखी केली. हार्मोन चोरीला गेल्याचं नीलानं सकाळीच सगळ्यांना सांगितलं होतं.

"तिळाचं?" मंदाकिनीबाईनं विचारलं.

"अर्थात. शनिवारी मारुतीला दुसरं चालतच नाही. गुरुवारीच भरून ठेवतो. शनिवारी तेल विकत घेणं म्हणजे शनीला घरी बोलावणं. आपण जाणता."

"गेल्या शनिवारी बुधली भरलेली होती?"

"काठोकाठ! बाई, आपण मला विचारताय की चौकशी करताय?" त्यांचा आवाज चढला. "तीस वर्षं नोकरी केली. इकडची टाचणी तिकडे नाही. त्या बाईला विचारा. खालची माणसं, हातात पडलं की विकलं."

"विकलं कुणाला असेल हो? उंदरांचं औषध कोण घेणार?"

"उंदरांचं कसलं! ते बायकांनाही टोचतात. ज्यांच्या पोटात मूल राहत नाही त्यांना. आमच्या नीलाताईच सांगत होत्या एकदा. त्या प्रभाकरानं नाही का खोदून खोदून विचारलं तेव्हा." हरिहरपंत जरा मऊ झाले. "बिचारा. दोनदा पाळणा बांधायच्या आतच सोडावा लागला त्याच्या घरी."

मंदाकिनीबाई मान हलवत उठली. दाराशी वळून तिनं पणतीकडे पाहिलं. वात स्थिर जळत होती.

४

मालन खोलीत बोचकं बांधत होती. दोन लुगडी, एक तांब्या, विठ्ठलाची तसबीर. तसबीर तिनं सगळ्यात वर ठेवली होती, काढली की आधी तीच हाताशी यावी म्हणून.

"जाणार कुठं ग?"

"देवानं वाट ठेवलीय म्हंत्यात ना कीर्तनात. बगू कुटं ठेवलीय ती." तिनं गाठ आवळली. "तुमी काय इचारायला आलाय? मी चोरलं का? मला त्यातलं काय कळतंय? मला यवढंच कळतंय की त्या माद्या पोटुशी हुत्या आन् मी त्यांना गवत घालत हुते. कापूस बी घातला घरट्याला. रोज इच्छा करायची की लाल दोरेवाल्या तरी सुटाव्यात."

मंदाकिनीबाई उंबऱ्यावर बसली. 

"चुलीवर कसलं तेल आहे ते?"

"करडईचं. संपलं बगा. आज आनायचं."

"आज? शनिवारी?"

मालन पहिल्यांदा हसली. "लोक बोलत्यात. पन बाय, माझा पगार शनवारी सांजच्याला हुतो. आधी बाकीचं घ्यायचं, मग तेल. शुक्रवारी पैसं नसत्यात आन् रईवारी उरत न्हाईत. शनीला सांगा, आमचा पगार शुक्रवारी करायला. मग मी बी पाळीन त्याचं."

"गेल्या शनिवारीही घेतलंस?"

"दौलतला इचारा की. दर शनवारी त्याच्या दुकानात मी यकटीच आसते."

मंदाकिनीबाई विचारायला गेली. दौलत तेली दुकानाच्या फळीवर पाय पसरून ऊन खात होता.

"शनिवारी गिऱ्हाईक कुठलं, बुवीण? आख्खं बाळकुम शनीला भिऊन असतंय. मी तरी दुकान उघडतो ते मालनबाईसाठीच समजा. ती आली की म्हणतो, आले आमचे शनिमहाराज!"

"आणि कुणी? गेल्या शनिवारी, दुपारी?"

दौलतनं डोकं खाजवलं. "घेतलं कुणीच नाही. पण एक गंमत झाली. तुमच्या तिथला तो शिकलेला पोरगा, प्रभाकर, फळीपाशी आला, पैसे हातात धरून उभा राहिला. म्हटलं, काय देऊ? माझ्याकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं, आणि तसाच परत गेला. मी आपला हसलो."

मंदाकिनीबाई हसली नाही.

५

प्रभाकर पिंजऱ्यांची खोली धुत होता. तिशीच्या आतला, हुशार, तोंडाळ. हरिहरपंतांच्या पणतीची सगळ्यात जास्त थट्टा करायचा तोच.

"या मावशी. चौकशी आमचीही? बसा. पण मला पुराण नका ऐकवू हं. मी नास्तिक माणूस. हरिहरपंतांचा शनी मला वर्गातल्या नकाशावर भेटलेला, कडं घातलेला."

"नाही रे, बोलायला आले. जेवलास?"

"आज डबा आणला नाही. उशीर झाला निघायला."

"दाढीलाही उशीर झाला वाटतं."

त्याचा हात गालाकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. काल घोटून केलेल्या गालावर आज खुंट होते. ओरखडा सुकला होता.

"हो. म्हणजे... डोंबिवलीच्या अलीकडे कोपरला राहतो ना, सकाळची धावपळ."

"घरी कोण कोण?"

"मी आणि वासंती."

"बरी आहे ना?"

"आहे," तो म्हणाला, आणि पुढचा पिंजरा धुवायला घेतला, जो आधीच धुतलेला होता.

बाहेर आल्यावर नीलानं मावशीला गाठलं. "झालं? संध्याकाळ व्हायला आली. हरिहरपंतांनी मालनचा पगार काढून ठेवलाय."

"झालं. आता उत्तररंग." मंदाकिनीबाईचा चेहरा उतरला होता. चोर सापडल्याचा आनंद त्यावर कुठेच नव्हता. "सगळ्यांना बोलाव. नको, थांब. हरिहरपंतांना पणतीपाशी बसू दे. फक्त मालन आणि प्रभाकर."

६

चौघं पिंजऱ्यांच्या खोलीत उभी होती. मालनच्या काखेत बोचकं.

"नीला, मी चोराला विचारत नाही की त्यानं का चोरलं," मंदाकिनीबाई शांतपणे बोलू लागली. "मी विचारत होते, त्यानं खोबरेल का ओतलं. ज्यानं हे केलं त्याच्याजवळ तिळाचं तेल नव्हतं आणि ते विकत घ्यायला तो गेला नाही. हरिहरपंत घे. त्यांच्या खणात काठोकाठ बुधली होती. त्यांना खोबरेलाची गरज नव्हती. मालन घे. ती शनिवारी बिनधास्त तेल घेते, त्या शनिवारीही दुकानात गेली होती. करडईचं ओतलं असतं तरी थिजलं नसतं. आता राहिला असा माणूस, ज्याच्याजवळ तेल नव्हतं आणि शनिवारी तेल घ्यायला ज्याचा हात धजला नाही."

"पण प्रभाकर हे काही मानत नाही!" नीला म्हणाली. "तो तर..."

"तो नसेल मानत. पण आज शनिवार आहे. त्यानं दाढी केलेली नाही आणि तो उपाशी आहे. हा माणूस स्वतःसाठी शनिवार धरणाऱ्यातला नाही. कुणासाठी धरलाय त्यानं?" ती प्रभाकरकडे वळली. आवाज अगदी खाली आला. "बाळ, वासंतीला कितवा महिना?"

प्रभाकरच्या हातातली बादली खाली टेकली. पाणी लवंडून सगळ्यांच्या पायांखाली पसरलं. 

"तिसरा सरतोय," तो म्हणाला. "दोन्ही वेळा याच सुमाराला गेलं होतं. कल्याणच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सुया आहेत पण बाजारात येत नाहीत, मिळाल्या तर बघू. आणि इथे कपाटात..." त्यानं ओल्या हातानं तोंड पुसलं. "वासंतीनं शनीचे शनिवार धरलेत. मला शपथ घातली होती, मूल हातात येईपर्यंत शनिवारी वस्तरा नाही, तेलाची खरेदी नाही. मी हसलो होतो तिला. त्या दिवशी बाटली रिकामी केली, पैसे घेऊन दौलतच्या फळीपाशी गेलो आणि पाय पुढे होईना. वाटलं, औषध लागू पडायचं आणि माझ्या एका चुकीनं... मूर्खपणा, मावशी. मला ठाऊक आहे मूर्खपणा. रविवारी तिळाचं आणून बदलणार होतो. सकाळी आलो तर बाटली उन्हात, आणि मग नीलाताईंच्या खणात."

"आन् मी उभी हुते तितं," मालन म्हणाली. तिचा आवाज शांत होता, त्यानं खोली जास्तच गार झाली. "काल. बाईसाहेब मला खोटारडी म्हनत हुत्या. तुमाला ठावं हुतं तेल थिजलं हुतं. तुमी माझ्याकडं बघितलंबी न्हाय."

प्रभाकर तिच्या पायांशी वाकला. मालन मागे सरकली.

"पाया नगा पडू. मला नको त्ये."

नीला मात्र भलत्याच गोष्टीनं पांढरी पडली होती. "प्रभाकर, ते तेल तिला कोण टोचतंय?"

"मीच. रोज सकाळी. उंदरांना टोचतो तसंच, उकळलेल्या पिचकारीनं."

"पिचकारी उकळली, पण तेल? ते मी उंदरांसाठी कालवलं होतं, निर्जंतुक नव्हतं केलेलं! तिला काही त्रास? खरं सांगा."

"कालपासून ताप आहे," प्रभाकर म्हणाला. "दंड सुजलाय. मला वाटलं थंडीचा."

७

देवळात निरोप गेला की कीर्तन उशिरा होईल; तोवर हरिहरपंत भजन घेतील. नीलानं औषधांची पेटी उचलली. फाटकापाशी मंदाकिनीबाईनं पाहिलं तर मालन बोचकं खोलीत ठेवून त्यांच्या मागे आली होती.

"तू कशाला, मालन?" नीलानं विचारलं. तिची नजर वर होत नव्हती.

"तितं बाईमानूस कोन हाय?" मालन म्हणाली. "तापातल्या पोटुशी बाईचं हा पुरुष काय करनार?" आणि प्रभाकरकडे न बघताच, "तुमाला माफ न्हाय केलं. ती पोर येगळी."

नीलानं तिथेच तिचा हात धरला. "मालन, खोली तुझीच आहे. मी तुला खोटी ठरवलं, कारण तेलाबद्दल मला ठाऊक होतं आणि तुझ्याबद्दल काहीच विचारून घेतलं नाही. तुझ्यापुढे काय म्हणू?"

"आता काय म्हनू नका. गाडी जाईल."

जाताजाता मालन दौलतच्या दुकानापाशी थांबली आणि आठवड्याच्या पगारातून बाटलीभर तिळाचं तेल घेऊन पदराखाली धरून आली. दौलतनं नेहमीची थट्टा केली नाही. त्यांचे चेहरेच तसे होते.

कोपरला कौलारू चाळीच्या शेवटच्या खोलीत वासंती भिंतीला टेकून बसली होती. वीस-बावीसची पोर, ओठ कोरडे, डोळे तापानं चमकणारे. इतकी माणसं बघून ती पदर सावरायला लागली आणि दुखऱ्या दंडानं कळवळली. कोपऱ्यात शनीच्या चित्रापुढे उडदाचे दाणे वाहिलेले होते. फळीवर एक छोटी बाटली, कापडानं झाकलेली.

नीलानं दंड तपासला. गळू होऊन आत पू धरला होता. तिनं पाणी उकळायला लावलं, सुई काढली; पेनिसिलीनची बाटली पेटीत होती. वासंतीनं एकदाच विचारलं, "बाळ?"

 नीलानं हात तिच्या पोटावर ठेवला, खूप वेळ ठेवला.

"रक्त गेलेलं नाही ना? मग आत्ता तरी ठीक आहे," ती म्हणाली. "पुढचं मी सांगू शकत नाही, वासंती. उंदरांत मला ठाऊक आहे काय होतं. तेही नीट ठाऊक नाही, असं आज वाटतंय. ताप उतरायला हवा, हे पहिलं."

बाहेर आल्यावर तिनं प्रभाकरला सांगितलं की सोमवारपासून त्यानं प्रयोगशाळेत येऊ नये. त्यानं मान हलवली. मग तिनं आणखी एक सांगितलं. तिच्याकडे पुडीतला थोडा हार्मोन अजून उरला होता, दुसऱ्या प्रयोगासाठी राखलेला. उद्या ती तो कल्याणच्या डॉक्टरीणबाईंच्या हवाली करणार होती. द्यायचा की नाही, कसा द्यायचा, ते त्या ठरवतील. माद्यांची दुसरी रांग आता होणार नव्हती.

"वर्षभराचे अर्ज," मंदाकिनीबाई हळूच म्हणाली.

"हो," नीला म्हणाली. "पुन्हा करीन."

आत मालननं वासंतीचे पाय मांडीवर घेतले होते. ताटलीत तेल कोमट करून ती तिच्या गार पडलेल्या तळपायांना चोळू लागली. वासंतीला वास आला. तिनं डोळे उघडले आणि दचकून पाय आखडले.

"मावशी, हे तेल... आज शनिवार. आजच घेतलंत?"

मालनचे हात थांबले. शनीच्या चित्राकडे तिनं एकदा बघितलं, जसं ओळखीच्या माणसाकडे बघावं.

"आजच. भिऊ नगंस, पोरी. माझ्या तेलाचं त्याला ठावं हाय. माझा पगार कवा हुतो, त्ये त्याच्याबिगर कुनाला म्हाईत?"

तिनं पाय पुन्हा मांडीवर ओढून घेतले. उंबऱ्याशी बसलेल्या मंदाकिनीबाईच्या पिशवीत झांजा होत्या, पण तिनं त्या काढल्या नाहीत. नुसत्या ओठांत तिनं नामाचा गजर धरला, तान्ह्याच्या पाळण्यापाशी धरावा तसा. प्रभाकर अंगणात, दाराबाहेर उभा होता. आत येण्याचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तिसऱ्या आवर्तनाला त्याचेही ओठ हलायला लागले. वासंतीच्या कपाळाला हात लावून नीला ताप उतरण्याची वाट बघत राहिली.